तीस टक्के गडगडाट

धरणेंद्र मगदूम सरांनी सांगलीतल्या एका हायस्कूलात एकतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे ढग हा त्यांच्या मालकीचा विषय होता. सन्मती कॉलनीत कुणी नुसतं "आज लय उकडतंय" म्हणायची खोटी, सर जागच्या जागी थांबत, चष्मा वर ढकलत आणि उकडण्याची तीन कारणं सांगत. तिसरं कारण लांबलचक असे. शेवटी लोकांनी सरांसमोर उकाड्याचं नावच काढायचं सोडलं. घाम पुसायचे आणि पुढं चालू लागायचे.

अशा माणसाची मुलगी विमान चालवायला शिकायला लागली म्हटल्यावर काय विचारता! चंदना कऱ्हाडजवळच्या धावपट्टीवर शिकत होती आणि तिथंच खोली घेऊन राहत होती. सर रोज सकाळी तिला फोन करून एकच प्रश्न विचारत, "आज हवा कशी आहे?" एके दिवशी पोरगी गडबडीत होती. तिनं सरळ एक ओळ मोबाइलवर धाडून दिली आणि खाली लिहिलं, "अण्णा, हा आपल्याकडच्या विमानतळाचा हवामानाचा रिपोर्ट. यात सगळं आहे."

सरांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. चष्मा पुसून वाचली. इंग्रजी अक्षरं आणि आकडे एकमेकांना चिकटून बसले होते. दोन सात शून्य, शून्य आठ, मग 'केटी', मग सहा हजार, मग दोन आकड्यांमध्ये एक तिरपी रेघ आणि सगळ्यात शेवटी 'नोसिग'. हे हवामान असेल तर आपण एकतीस वर्षं पोरांना काय शिकवलं, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. त्यांनी "छान" असं उत्तर पाठवलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

"काय म्हणती पोरगी? हवा कशी हाय तिकडं?" पद्मावतीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"तपशील बघतोय."

"म्हणजे कळलं न्हाई."

बायकोला सगळं कळतं, हे सरांचं जुनं दुखणं होतं.

पुढच्या रविवारी चंदना घरी आली तेव्हा सरांनी वही-पेन घेऊन तिला समोर बसवलं. तिनं समजावून सांगितलं, की दोनशे सत्तर म्हणजे वारा पश्चिमेकडून येतोय. शून्य आठ केटी म्हणजे त्याचा वेग आठ नॉट. सहा हजार म्हणजे सहा हजार मीटरपर्यंत दिसतंय. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातल्या किती भागांत ढग आहेत ते सांगायचं. 'नोसिग' म्हणजे पुढचे दोन तास काही विशेष बदल नाही. आणि वेळ आपल्या घड्याळाची नाही, ग्रीनिचची. आपण साडेपाच तास पुढं.

"ग्रीनिच चौथ्या धड्यात होतं माझ्याकडं," सर म्हणाले.

"आणि अण्णा, रिपोर्ट वेगळा आणि फोरकास्ट वेगळा बरं का. फोरकास्टमध्ये..."

"तेही चौथ्या धड्यात होतं," सर म्हणाले आणि वही मिटली. या एका वाक्याचा त्यांना पुढं फार पश्चात्ताप झाला, पण तो त्याच्या वेळेला सांगू.

सर कामाला लागले. माळ्यावरचं जुनं घड्याळ काढून, ते साडेपाच तास मागं लावून दिवाणखान्यात चालू घड्याळाच्या शेजारी टांगलं आणि खाली 'ग्रीनिच' अशी चिठ्ठी डकवली. चारच दिवसांत त्या घड्याळानं बळी घेतला. कडेगावच्या आत्या एसटीनं आल्या, दमल्या होत्या म्हणून जरा आडव्या झाल्या. घरात जेवणं सूर्यास्ताच्या आत. आत्यांचा तर नेम असा कडक, की दिवस मावळला की पाण्याचा घोटसुद्धा नाही. मध्येच त्यांना जाग आली. पडदे ओढलेले, वर ट्यूबलाइट, समोर नजरेला पडलं ते नेमकं ग्रीनिचचं घड्याळ, त्यात एक वाजलेला. त्यांना चिठ्ठी काही वाचता आली नाही. अजून दुपारच हाय म्हणून त्या कूस बदलून झोपल्या. दमलेल्या माणसाला कशाला उठवा, म्हणून पद्मावतीबाईंनीही उठवलं नाही. आत्या उठल्या तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते आणि ताटातलं भरलं वांगं झाकून ठेवायची वेळ झाली होती.

"धरणेंद्रा, तुझ्या इंग्लंडनं मला उपाशी निजवलं रं!" आत्या सकाळी निघताना म्हणाल्या. त्याच दिवशी ग्रीनिचची रवानगी गच्चीच्या जिन्यात झाली.

मग वारा मोजायचा प्रश्न आला. विमानतळावर काठीला कापडाची नळी लावलेली असते, तिच्यावरून वाऱ्याची दिशा आणि जोर कळतो. सरांनी पद्मावतीबाईंचा एक जुना, नारिंगी रंगाचा परकर घेतला, त्याच्या नेफ्यात तारेचं कडं घातलं आणि खालून निमुळता शिवून गच्चीवरच्या डिशच्या खांबाला बांधला. परकर झकास फुगला. सर खाली वाकून वहीत 'पश्चिम, मध्यम' असं लिहीत होते, तोवर दादासो वर आले.

दादासो म्हणजे सोसायटीचे चेअरमन. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे पावसावर आपलाही थोडा हक्क आहे असं त्यांचं मत होतं.

"सर, ह्ये काय लावलंय? आवं, कॉलनीच्या अब्रूचा तरी इचार करा. हमरस्त्यावरनं दिसतोय!"

"हे शास्त्रीय उपकरण आहे."

"उपकरणाला नाडी हाय सर."

प्रकरण सोसायटीच्या बैठकीत गेलं. तिथं ठरलं, की शास्त्राला विरोध नाही, पण वॉर्ड ऑफिसची परवानगी आणा. सर अर्ज घेऊन गेले. तिथल्या क्लार्कला अडचण अशी, की ही बाब कुठल्या सदरात बसवायची? मोबाइल टॉवर म्हणावं तर त्यातून काही निघत नाही. जाहिरात फलक म्हणावं तर जाहिरात कशाची? धार्मिक ध्वज म्हणावं तर वरच्या साहेबांची सही लागते. दुसऱ्या खेपेला शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सल्ला दिला, की तात्पुरता मंडप दाखवा, पटकन होतं. मंडपाखाली किती माणसं बसणार, या रकान्याशी सर अडले. तिसऱ्या खेपेला क्लार्कनं सहज विचारलं, "पण सर, कापड कसलंय?"

सर जरा घुटमळले. "परकर."

"मग आधी बोलायचं न्हाई व्हय!" क्लार्कचा चेहरा उजळला. त्यानं अर्जावर शेरा मारला, 'सदर बाब कपडे वाळत घालणे या स्वरूपाची असल्याने या कार्यालयाची हरकत नाही.' सरांच्या संशोधनाला सरकारदरबारी अशी मान्यता मिळाली. त्यांनी तो कागद मनाला लावून घेतला, पण लॅमिनेटही करून घेतला.

चैत्र लागला होता आणि कॉलनीत पापडांचे दिवस आले होते. सरांनी कॉलनीच्या ग्रुपवर सकाळचा रिपोर्ट टाकायला सुरुवात केली. 'वारा पश्चिम. आकाश आठांपैकी एक भाग ढगाळ. नोसिग.' पहिले दोन दिवस त्यावर फक्त हात जोडलेली चित्रं आली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मनुबाई जिन्यात उभ्या राहिल्या.

"सर, तुमचं ते नोसिग म्हंजे काय वो? पापड घालू का नको?"

"घाला. काही बदल नाही."

पापड कडकडीत वाळले. दुसऱ्या दिवशी कुरडया घातल्या, त्या वाळल्या. सांडगे वाळले. सरांची कीर्ती तिन्ही गल्ल्यांत पसरली. बायका परकराकडं बघून पीठ भिजवायला लागल्या. "कशी हाय तब्येत?" असं विचारलं तर म्हातारी माणसं "नोसिग" म्हणायला लागली. एकतीस वर्षांत एवढी मन लावून ऐकणारी माणसं सरांना मिळाली नव्हती. ते खुशीत होते, आणि खुशीत आलेला मास्तर कसा असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. दोन तासांची मुदत असलेलं ते 'नोसिग' सर आता दिवसभरासाठी वाटू लागले.

व्हायचं तेच झालं. एका गुरुवारी सकाळी साडेआठला सरांनी 'नोसिग' टाकलं, जेवले आणि पडले. तीनच्या सुमाराला असा वळीव फुटला, की डिशच्या खांबावरचा परकर तीनदा दिशा बदलून शेवटी खांबालाच गुंडाळला गेला. मनुबाईंनी लेकीच्या सासरी रहिमतपूरला पाठवायचे तीन किलो उडदाचे पापड घातले होते. संध्याकाळी त्या पुन्हा पीठ झालेल्या पापडांचं घमेलं घेऊन आल्या, सरांच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि एक शब्द न बोलता गेल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं सर नंतर म्हणाले.

"अण्णा, रिपोर्ट म्हणजे आत्ता काय आहे ते," चंदनानं फोनवर सांगितलं. "पुढं काय होणार ते फोरकास्टमध्ये असतं. त्या दिवशीच्या फोरकास्टमध्ये दुपारी गडगडाट लिहिलेला होता. तुम्ही पहिल्या तासाला वर्ग शांत बघून शाळा सुटेपर्यंतचं सांगत होता."

"मग हे आधी सांगायचं नाही का?"

"सांगत होते. तुम्ही म्हणालात चौथ्या धड्यात होतं."

मग पुढचे तीन आठवडे त्यांनी विद्यार्थी होऊन फोरकास्ट शिकून घेतला. ग्रुपवर काही टाकलं नाही. फक्त एका ठिकाणी त्यांचं आणि चंदनाचं वाजलं. फोरकास्टमध्ये कधीकधी लिहितात, की अमुक वेळेत गडगडाटाची शक्यता तीस टक्के.

"तीस म्हणजे नापास," सर म्हणाले. "पस्तीसला पास. तो सोडून द्यायचा."

"अण्णा, वर्गात गोंधळ कोण घालतं? नापास पोरंच ना?"

सरांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं.

आणि मग तो शनिवार ठरला. चंदना पहिल्यांदाच एकटी लांब जाणार होती. कऱ्हाडहून निघायचं, सांगलीवरून वळायचं, आटपाडीवरून परत कऱ्हाड. शेजारी शिकवणारं कुणी नाही. तिच्या कॅप्टननी तिला बजावलं होतं, "निघायचं की नाही ते हवामान वाचून तूच ठरवायचं. मी फक्त बघणार." सांगलीवर ती साधारण साडेदहाला येणार होती.

ही बातमी पोटात ठेवायची ना! पण सरांना पापडांचा डाग धुवायचा होता. त्यांनी ग्रुपवर टाकलं. झालं, सगळी कॉलनी कामाला लागली. पोरीला वरून दिसावं म्हणून गच्चीवर चुन्यानं 'चंदना' लिहायचं ठरलं. दादासो म्हणाले, "गच्ची सोसायटीची हाय, तर सोसायटीचं नाव पायजे." म्हणून आधी 'सन्मती कॉलनी' लिहिलं, हातभर उंचीच्या अक्षरांत. मग 'सांगली' लिहिलं, नाहीतर विमानातून कळायचं कसं. उरलेल्या चुन्यात 'चंदना' कशीबशी कोपऱ्यात बसली आणि 'ना'चा काना पाण्याच्या टाकीखाली गेला.

शनिवारी सकाळी आकाश लख्ख. नऊ वाजता गच्चीवर चाळीस माणसं जमली. आत्या मागचं विसरून कडेगावहून आल्या होत्या. पद्मावतीबाईंनी सगळ्यांसाठी पोहे केले होते. दादासोंनी दुर्बीण आणली होती. मनुबाईसुद्धा आल्या, पण सरांशी बोलल्या नाहीत, टाकीच्या सावलीला बसल्या.

सर जिन्यात ग्रीनिचच्या घड्याळाखाली उभे राहून मोबाइल बघत होते. रिपोर्ट झकास. वारा हलका, दहा हजार मीटरपर्यंत दिसतंय. मग त्यांनी नवा फोरकास्ट उघडला. पाच ते सात, तीस टक्के, गडगडाटी पाऊस, दिसणं दीड हजार मीटरवर.

दादासो पाठीमागून वाकून बघत होते. एवढ्या दिवसांत त्यांनाही थोडं वाचता येऊ लागलं होतं. "पाच ते सात व्हय? मग ते सांजचं. पोरगी साडेदहाला येतीय. काय अडचण न्हाई!"

सरांनी वर घड्याळाकडं पाहिलं. पाच ते सात म्हणजे आपल्याकडचे साडेदहा ते साडेबारा. बरोबर पोरगी वर असताना.

सरांना पहिल्यांदा ते तीस टक्के आठवले. नापास. दहापैकी सात वेळा काही होत नाही. पोरगी येईल, टाळ्या होतील, पापडांचं सगळे विसरतील. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. पोरगी तिकडं कऱ्हाडला हाच कागद हातात धरून उभी असेल आणि तिला माहीत आहे, की सांगलीत गच्चीवर चाळीस माणसं बसलीत, बापानं चुन्यानं नाव काढलंय. ही चाळीस माणसं आपण गच्चीवर नाही, पोरीच्या डोक्यावर नेऊन बसवली. घाबरलेले सर तसेच जिन्याच्या पायरीवर बसले.

तेवढ्यात फोन वाजला.

"अण्णा, तुम्ही बघितलं का?" चंदनाचा आवाज बारीक झाला होता.

"बघितलं."

"इथं सगळं स्वच्छ आहे हो. कॅप्टन काहीच बोलत नाहीत. तिकडं सगळे जमलेत ना? आत्याआजीपण?"

"माणसांचं मी बघतो," सर म्हणाले. "पोहे आहेत, कुणी उपाशी जात नाही. तू फक्त कागद वाच."

चंदनानं फोरकास्टची ओळ पुन्हा एकदा मोठ्यानं वाचली. मग म्हणाली, "मी नाही जात आज."

"शाब्बास," सर म्हणाले. त्यांना आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण वर चाळीस माणसं थांबली होती.

ते वर आले आणि टाकीपाशी उभं राहून, वर्गात सांगावं तसं खणखणीत आवाजात सांगितलं, "चंदना आज येणार नाही. साडेदहा ते साडेबारा गडगडाटाची शक्यता आहे. तीस टक्के."

चाळीस माणसांनी एकदम वर पाहिलं. औषधालासुद्धा ढग नव्हता.

"आवं सर, ऊन बघा की जरा!" कुणीतरी म्हणालं. "पापडाच्या दिवशी म्हनला पाऊस न्हाई, आन् आज म्हनताय हाय. उलटं वाचताय काय तुमी?" दादासो हसले, मग सगळे हसले. परकरसुद्धा त्या दिवशी मान टाकून पडला होता. सर उभेच राहिले. साडेदहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. लोक पोहे खात आकाशाकडं बघत होते आणि सरांकडं बघत होते. एक थेंब पडला नाही. त्या अख्ख्या दिवसात सांगलीवर साधी सावलीसुद्धा आली नाही.

एरवी सर या अपमानानं आठ दिवस झोपले नसते. पण त्या दिवशी त्यांना आतून बरं वाटत होतं, आणि ते का हे कुणाला पटवून द्यावं असंही वाटत नव्हतं.

दादासो जाता जाता म्हणाले, "सर, येवढी मानसं गोळा केलीसा आन् फुकट..."

"फुकट कशापायी?" टाकीच्या सावलीतून मनुबाई उठल्या. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांनी तोंड उघडलं होतं. "दादासो, माजं तीन किलो पापड गेलं, मला इचारा. पापड गेलं तर परत लाटता येत्यात." त्या सरांकडं वळल्या. "बरं केलंसा सर. लय बरं केलंसा." आणि पदर खोचून रिकाम्या बशा गोळा करायला लागल्या.

पंधरा दिवस गेले. एका मंगळवारी सकाळी मनुबाई परत जिन्यात उभ्या होत्या. हातात लाटलेल्या पापडांची परात.

"सर, घालू का?"

सरांनी आधी रिपोर्ट वाचला, मग फोरकास्ट शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, घड्याळ बघून साडेपाच तास मिळवले. "आत्ता स्वच्छ आहे. चारपर्यंत काही दिसत नाही. तीस टक्केसुद्धा नाही. घाला, पण तीनला गोळा करायचे."

मनुबाईंनी घातले. ते बघून बाकीच्यांनी घातले. गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या साड्या आणि त्यांवर पापड पसरले. 'सन्मती कॉलनी' झाकली गेली, 'सांगली' झाकली गेली आणि कोपऱ्यातली 'चंदना'ही झाकली गेली. सर काठी घेऊन कावळे हाकत बसले. मध्येच कुठंतरी भुर्र असा आवाज आला. गिरणी चालू झाली असेल, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही.

पावणेतीनला फोन आला.

"अण्णा, झालं! एकटी जाऊन आले. कऱ्हाड, सांगली, आटपाडी, परत कऱ्हाड. मुद्दाम कुणालाच सांगितलं नव्हतं."

सर उभे राहिले. "सांगलीवरून गेलीस? अगं, मग नाव दिसलं का?"

"नाव कुठलं! सगळी गच्ची पांढरी. वरून पापड दिसले आणि कळलं, ही आपलीच गच्ची. अण्णा, खरं सांगू? तोपर्यंत धाकधूक होती मला. पापड बघितले आणि गेली. म्हटलं, अण्णांनी फोरकास्ट वाचून मनुकाकूंना घाला म्हटलंय, म्हणजे आज काही होत नाही."

सरांनी फोन ठेवला. पद्मावतीबाई चहा घेऊन वर आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं निरखून पाहिलं.

"काय वो? डोळं का पुसताय?"

"उकडतंय जरा," सर म्हणाले. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याचं एकही कारण सांगितलं नाही.